एचआयव्ही संक्रमण गुन्हा ठरवणारा कायदा कोर्टाने कधी घटनाबाह्य ठरवलाय का?

हो, ठरवलाय. सर्वात बोलकं उदाहरण केनियाचं.

तिथल्या 2006 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं कलम 24 असं होतं: आपल्याला लागण आहे हे ठाऊक असलेल्या माणसाने ‘लैंगिक संपर्क’ येणाऱ्या व्यक्तीला ते आधी सांगायचं, नाहीतर गुन्हा. पण ‘लैंगिक संपर्क’ म्हणजे नेमकं काय, याची व्याख्याच कायद्यात नव्हती! मार्च 2015 मध्ये नैरोबीच्या हायकोर्टाने हे कलम रद्द केलं. कारणं दोन. कायदा इतका मोघम की माणसाला आपण गुन्हा करतोय की नाही हेच कळू नये, आणि घटनेच्या अनुच्छेद 31 मधल्या खासगीपणाच्या हक्कावर घाला. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना बाळाला लागण होऊ शकते. मग अशा मोघम कायद्याखाली त्या आईलाही आरोपी करणार का? मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चाचणी करून घेणारीच आधी अडकते, न करणारी सुटते.

कोलंबियाच्या घटना न्यायालयानेही 2019 मध्ये असंच कलम रद्द केलं. त्यात फक्त एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी वेगळे काढले होते, म्हणून समानतेचा प्रश्न आला.

मात्र केनियाची लढाई संपलेली नाही. लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यातल्या कलम 26 ला (जाणूनबुजून एचआयव्हीची लागण केल्यास किमान 15 वर्षं शिक्षा) दिलेलं आव्हान 2022 मध्ये हायकोर्टाने फेटाळलं.