बुटात पाणी वरून शिरतं

प्रश्न : मी ५३ वर्षांचा असून साताऱ्यात शिक्षक आहे. माझ्याकडे रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आहे. दर पावसाळ्यात आम्ही तिघे मित्र कोकणात उतरतो. कधी आंबेनळी घाटातून पोलादपूरला, कधी कराडहून कुंभार्लीने चिपळूणला. वाटेत प्रतापगड, मार्लेश्वर असं काहीतरी पायी असतंच. गेल्या वर्षी ट्रेकिंगचे ‘वॉटरप्रूफ’ बूट घेतले, तर हेळवाक येईपर्यंत आत पाणी डुचमळत होतं. मुलगा म्हणतो, बाबा, रायडिंगचे बूट घ्या. ते दुकानात घालून पाहिले, तर दोन्ही पायांना प्लास्टर घातल्यासारखं चालावं लागलं. खर्च पंधरा हजारांपर्यंत करीन, पण जोड एकच घेणार. नेमका कसला घेऊ?
— एक वाचक, सातारा

उत्तर : गुरुजी, आधी एक सांगा. घरी आल्यावर ते बूट कुठे फाटलेले, उसवलेले दिसले का? बहुतेक नसतील. तुमच्या बुटांचा दोष नसावा. पाणी वरून आलं असणार.

गाडीवर बसलं, गुडघा वाकला, की रेनकोटची पँट चार-पाच बोटं वर सरकते. घोट्यापर्यंतचा ट्रेकिंग बूट असेल तर त्याचं तोंड उघडं पडतं. समोरून पाऊस, खालून पुढच्या चाकाचे फवारे, आणि नडगीवरून ओघळणारं पाणी मोज्यावाटे आरामात आत. मग वॉटरप्रूफ बूट आपलं काम चोख करतो, म्हणजे आलेलं पाणी बाहेर जाऊ देत नाही! महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या पावसात आंबेनळी उतरणाऱ्याच्या बुटाची उंची ही पहिली गोष्ट, कातडं-बितडं नंतर.

माझे वडील कोल्हापुरात चपला करायचे. मी त्या धंद्यात गेलो नाही, पण त्यांची रापी आणि आरी अजून माझ्याकडे आहे. चार वर्षं वापरलेला माझा डाव्या पायाचा टूरिंग बूट, म्हणजे गाडीवरच्या लांब प्रवासाचा बूट, गळायला लागला, तेव्हा मी त्याच रापीनं तो उभा चिरला. बाहेर कातडं, त्याखाली फोम, त्याखाली दुधाच्या पिशवीपेक्षाही पातळ असा एक अखंड मोजा, आणि मग अस्तर. सगळं वॉटरप्रूफपण त्या मोज्यात असतं. त्याला मेम्ब्रेन म्हणतात. गोअर-टेक्स हे त्यातलं सगळ्यांत ओळखीचं नाव, बाकी कंपन्या आपापल्या नावानं तेच काम करतात. माझ्या बुटात करंगळीपाशी त्या मोज्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. माझं वाढलेलं नख. तेव्हापासून सहलीआधी नेलकटर आठवणीनं वापरतो. बायको म्हणते, लग्नाला जाताना कधी इतकी काळजी घेतली नव्हती.

ही भोकं डोळ्यांना दिसत नाहीत. जुन्या जोडाचा संशय असेल तर बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि बादलीत, तोंडाच्या दोन बोटं खालपर्यंत पाणी येईल असा, अर्धा तास वजन ठेवून बुडवा. कुठला बोळा भिजला यावरून जागा कळते. नव्या जोडात पाहायचं ते जिभेपाशी. जीभ दोन्ही बाजूंनी बुटाला शिवलेली हवी, आणि किती उंचीपर्यंत शिवली आहे ते बोट घालून बघा. पाणी तेवढ्याच उंचीपर्यंत थांबतं.

दुसरं, तुमचे ट्रेकिंगचे बूट चालायला उत्तम असतील, पण गाडी पायावर पडण्यासाठी ते केलेले नाहीत. नवी क्लासिक १९५ किलोची आहे. ओल्या वळणावर ती आडवी झाली आणि पाय खाली सापडला, तर सोल मधोमध आडवा चेपला जाता कामा नये. युरोपात मोटरसायकलच्या बुटांसाठी ‘ईएन १३६३४’ नावाचं मानक आहे. त्यात उतरलेल्या बुटाच्या आतल्या लेबलावर मोटरसायकलस्वाराचं चित्र आणि चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २. पहिला उंचीचा, दुसरा रस्त्यावर घासलं तर किती टिकतो त्याचा, तिसरा धारदार वस्तूनं कापलं जाण्याचा, आणि चौथा आडव्या दाबाचा. मी चौथ्याकडे आधी बघतो. शेजारी ‘डब्ल्यूआर’ लिहिलं असेल तर बूट पाण्याच्या चाचणीतही उतरला आहे. घोट्याच्या संरक्षणासाठी ‘आयपीए’ अशी अक्षरं असतात. दुकानदार ‘सीई (युरोपची खूण) आहे ना साहेब’ म्हणेल. म्हणू दे. तुम्ही लेबल बघा. नुसतं वॉटरप्रूफ छापलेलं असलं आणि ते चित्रच नसलं, तर तो दिसायला रायडिंगचा, गुणानं कॉलेजचा बूट.

आता प्लास्टरचं. तुम्हाला दुकानात बहुतेक रेसच्या ट्रॅकवरचे किंवा मोटोक्रॉसचे (मातीतल्या शर्यतीचे) बूट दाखवले असणार. ते चालण्यासाठी नसतातच. तुम्हाला हवेत मधल्या उंचीचे टूरिंग बूट, घोट्याच्या वर साधारण वीतभर जाणारे. हातात घेऊन तीन गोष्टी करा. चवडा आणि टाच धरून वाकवा : चवड्याच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे, मध्ये नाही. मध्ये वाकला तर फूटपेगवर (गाडीवर पाय ठेवायच्या दांडीवर) उभं राहिल्यावर तळव्याला रग लागते, आणि चवड्यालाही वाकलाच नाही तर तेच तुमचं प्लास्टर. मग ओला पंचा पिळतात तसा पिळून बघा, पिळला जाता कामा नये. शेवटी टाचेचा मागचा भाग चिमटीत दाबा, तो घट्ट हवा.

दुकानात संध्याकाळी जा. दिवसभर वर्गात उभं राहून तुमचे पाय सुजलेले असतील, तेच खरं माप. सहलीला घालणार तेच जाड मोजे न्या. आणि दुकानाला जिना असेल तर तो उतरून बघा. सपाट फरशीवर सगळेच बूट छान वाटतात. प्रतापगडच्या पायऱ्या उतरताना अंगठा पुढे आपटतो की नाही, ते जिन्यावरच कळतं. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. आपल्याकडे आयुष्यभर चपला घालून चवडे पसरलेले असतात, आणि बरेचसे इटालियन बूट मला अरुंद फर्म्यावर केलेले वाटतात. लांबीला बरोबर पण करंगळीला दाबणारा बूट ‘वापरून सैल होईल’ या आशेवर घेऊ नका. कातडं सैल होईलही, आतला मेम्ब्रेनचा मोजा नाही होत. मग एक नंबर मोठा घेऊन बघा, टाच उचलली जात असेल तर तो बूटच सोडा.

तुमच्या क्लासिकला टाच-चवड्याचा गिअर आहे, वरचा गिअर टाचेनं दाबून टाकता येतो, तेव्हा गिअर वर चढवताना बुटाचं नाक घासण्याचा प्रश्न येत नाही. मात्र जाड चवडा गिअरच्या पुढच्या पात्याखाली अडकतो का आणि उजव्या पायाला ब्रेक कळतो का, हे गाडीवर बसूनच बघा. गाडी दुकानाच्या दारातच उभी असेल. लाजू नका.

नाडी, चेन, बकल याबद्दल माझं मत अनुभवातून पक्कं झालंय. कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला माझी सुटलेली नाडी फूटपेगला अडकली. पाय टेकायला गेलो, पाय आलाच नाही. केएमटीच्या भरलेल्या बसपुढे मी आणि गाडी दोघेही सावकाश, अगदी शिस्तीत, डावीकडे आडवे झालो. लागलं काही नाही, पण बसमधल्या एकानं खिडकीतून ‘झोप आली का?’ असं विचारलं ते अजून लक्षात आहे. नाडी असली तर तिला झाकणारी पट्टी हवीच. त्यातून तुम्ही मार्लेश्वरला जाणार. पाचशेच्या आसपास पायऱ्या, वर बूट काढायचे, गुहेत दर्शन, परत घालायचे. ओल्या मोज्यांनी बारा हुकांच्या नाड्या बांधत बसलात तर मित्र खाली चहा पिऊन पुढे निघतील. बाजूला चेन, वर रुंद वेल्क्रो, चेनच्या मागे पाणी अडवणारा शिवलेला पडदा : हे मला सगळ्यांत सोयीचं वाटतं. बकलाचे बूट घट्ट बसतात, पण चिखलात बकल रुतलं की नखं तुटतात.

एकच जोड म्हणालात, म्हणून स्पष्ट लिहितो. मार्लेश्वर, प्रतापगड, गणपतीपुळ्याच्या बाजारात फेरी, तासा-दीड तासाचं चालणं : टूरिंग बूट पुरतो. रायगड खालून पायऱ्यांनी चढणार असाल तर मी तो घालून जाणार नाही. दोन्ही पायांत मिळून अडीच-तीन किलो घेऊन त्या पायऱ्या चढणं म्हणजे हौस नाही, शिक्षा. त्या दिवशी मी गाडीच्या बॅगेत साधे ट्रेकिंगचे बूट ठेवतो. सह्याद्रीत फिरणाऱ्यांचे आवडते अ‍ॅक्शनचे आहेत माझ्याकडे, वजनाला हलके आणि ओल्या कातळावर धरणारे. शेवाळलेल्या जांभ्यावर मात्र कुठल्याही कंपनीच्या रबरावर विश्वास ठेवू नका.

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, तुमचे पाय मी पाहिलेले नाहीत. पंधरा हजारांत आपल्याकडच्या कंपन्यांचे मेम्ब्रेनवाले टूरिंग बूट बघा. इटलीच्या फोर्मा, टीसीएक्स, सिडी यांचे चालायला बरे असे जोड आहेत, पण ते या पैशांत बसवणं अवघड. एक अपेक्षा मात्र आधीच कमी करा. ‘श्वास घेणारा’ बूट लडाखच्या कोरड्या हवेत श्वास घेतो. घामाची वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैत चिपळूणला ती कुठून आणणार? मोजे थोडे ओलसर होणारच. सुती न घालता लोकरीचं मिश्रण असलेले घाला, आणि रेनकोटची पँट नेहमी बुटाच्या बाहेर, तळव्याखालून इलॅस्टिक घेऊन.

लॉजवर पोचलात की आतली गादी काढून घ्या, बुटात पेपर कोंबा, तासाभरानं बदला, पंख्याखाली ठेवा. चुलीपाशी नाही. आणि कोल्हापुरीला चोळतात तसं तेल याला चोळू नका. कातडं मऊ पडून बूट आकार सोडतो, शिवाय आहे तो श्वासही बंद.

प्रश्न : माझे महागाचे बूट सहा वर्षांत जेमतेम दहा वेळा घातले. बाकी वेळ डब्यात, कपाटात. यंदा बाहेर काढले, तर पहिल्याच पंपावर सोल चुरमुऱ्यासारखा गळून पडला. फसवणूक झाली का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : फसवणूक नाही, हवा. पॉलीयुरेथेनचा सोल हवेतल्या ओलाव्यानं आतून कुजत जातो. न वापरता बंद डब्यात ठेवलेला बूट तर आणखी लवकर जातो, आणि रत्नागिरीच्या दमट कपाटात त्याची चंगळच. वरचं कातडं ठणठणीत असेल तर चांगल्या कारागिराकडून रबरी सोल बसवून घ्या, पण सोल चिकटवूनच बसवायला सांगा. आरीनं टाके घातले तर ते थेट मेम्ब्रेनमधून जातील. पुढच्या वेळी डबा फेकून द्या, बूट उघड्यावर ठेवा आणि महिन्यातून एकदा भाजी आणायला घालून जा.

प्रश्न : काका, एवढं सगळं कशाला? दोन-चारशेचे गमबूट घातले तर? थेंबही आत जात नाही.
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : भातलावणीला गमबुटासारखं काही नाही. गाडीवर मात्र तो पडताक्षणी पायातून निसटतो, घोट्याला आडवा आधार शून्य, आणि सायलेन्सरला टेकला तर चिकटतो. ताम्हिणीत माझ्या पुतण्याच्या उजव्या गमबुटाला असं भोक पडलं होतं की त्यातून मोज्याचा रंग दिसत होता. तुझं बजेट कमी असेल तर घोट्याला आधार देणारे साधे रायडिंगचे बूट, वॉटरप्रूफ नसले तरी चालतील, असे घे आणि वरून पावसाळी कव्हर चढव. गाडीवरून उतरलीस की कव्हर काढ. तळ गुळगुळीत असतो, हॉटेलच्या फरशीवर घसरशील.