आधी सिमेंटची गोणी परत पाठवा

वाचकांचे प्रश्न : जुन्या वास्तू, जुन्या वस्तू

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे पत्रांची रीघ लागते. यंदाच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे, 'पैसे कोण देईल?' त्याचंही सांगते. पण म्युझियमच्या प्रयोगशाळेत कागद दुरुस्त करण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं, आणि तिथे टेबलावर आलेल्या वस्तूंपैकी कितीतरी वस्तूंची वाट कुणीतरी हौसेने, पदरचे पैसे घालून लावलेली असायची. तेव्हा उत्तरांत 'थांबा' हा शब्द वारंवार आला तर रागावू नका.

प्रश्न : गिरगावात आमची तीन मजली चाळ आहे, शंभरी उलटलेली. दर्शनी भिंत दगडी, सज्जे सागवानी. तळमजल्याच्या भिंतीचे पोपडे सुटतात. ठेकेदार म्हणतो, सगळं खरवडून सिमेंटचा गिलावा करू, वर वॉटरप्रूफ रंग मारू, दहा वर्षं बघायला नको. इमारत हेरिटेज यादीत आहे असंही कुणी म्हणतं. हा फायदा की कटकट? सरकार पैसे देतं का? – चाळ कमिटीचे सचिव

सचिवसाहेब, सिमेंट आलं असेल तर गोण्या परत पाठवा. तुमच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्याच्या सांध्यांतून, गिलाव्यातून बाहेर पडून सुकते. सिमेंटने आणि त्या रबरासारख्या रंगाने भिंतीचं तोंड बंद केलंत की ओल आतच राहते आणि आणखी वर चढते. सोबत येणारे क्षार गिलाव्याच्या मागे स्फटिक होऊन बसतात आणि त्याला आतून ढकलतात. लोणा लागला म्हणतो तो हाच. दोन पावसाळ्यांत सिमेंटचा पापुद्रा सुटेल, आणि सुटताना दगडाचा चेहराही घेऊन जाईल. मालाडचा पिवळा दगड असेल तर अधिकच.

आता ओल येते कुठून ते बघा. जोराच्या सरीत छत्री घेऊन इमारतीला एक फेरी मारा. पन्हळ कुठे तुंबलीय, पावसाळी पाइपाचा कुठला जोड भिंतीवर गळतोय, सगळं दिसेल. मग खाली बघा. मुंबईतल्या निम्म्या चाळींची गोम चौकात असते. दर काही वर्षांनी कुणीतरी उत्साहाने नवे पेव्हर ब्लॉक बसवतं, जुन्या लादीवरच, आणि चौक वर येत येत जोतं गिळतो. पाण्याचा उतार भिंतीकडे होतो. तो उलटा फिरवायला गिलाव्याच्या मानाने किरकोळ खर्च येतो. पन्हळीजवळ पिंपळाचं रोप असेल तर ते हिसकून उपटू नका, मूळ सांधा घेऊन बाहेर येतं. रोप कापा, मूळ मारा, आणि मग सांधा चुन्याने भरा.

पोपडे कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. क्षार पाण्याबरोबर पुन्हा आत जातात. ओल तुटल्यावर भिंतीला सुकायला वेळ द्या आणि गिलावा चुन्याचाच करा. कळीचा चुना विरवून मुरवलेला हवा, सोबत वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. बाजारातली फक्की, म्हणजे चुन्याची तयार पूड, भिजवून लगेच थापणारा गवंडी चुन्याचा गवंडी नव्हे. त्याला विचारा, 'चुना किती दिवस मुरवणार?' त्याच्या चेहऱ्यावरून कळेल.

सज्जाच्या खांबांचं बूड स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणटणीत वाजलं तर लाकूड जिवंत आहे, बद्द आवाज आला तर टोक रुतवून बघा. सागवानाचा खांब सहसा खालचा हात-दीड हातच कुजतो. चांगला सुतार तेवढाच भाग कापून, खाच पाडून जुन्या सागवानाचा जोड देतो. अख्खा खांब काढून लोखंडी आय-सेक्शन उभा करायची गरज फार कमी वेळा असते. भिंत फुगलेली किंवा सज्जा खचलेला दिसला मात्र वाट बघू नका. आधी टेकू द्या, स्ट्रक्चरल इंजिनीअर बोलवा, माणसं हलवा. चुन्याचं नंतर बघू.

हेरिटेजविषयी. मुंबईत वारसा इमारतींची नियमावली १९९५ साली लागू झाली, देशात पहिल्यांदा. इमारतींच्या श्रेणी पहिली, दुसरी अ, दुसरी ब आणि तिसरी अशा. 'कुणी म्हणतं' यावर राहू नका, पालिकेकडे तपासा. यादीत असाल तर मोडतोडच काय, गिलावा आणि रंगकामसुद्धा आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. आयुक्तांना सल्ला द्यायला वारसा संवर्धन समिती असते. म्हणजे तुमचा ठेकेदार तुम्हाला नोटीसही मिळवून देईल.

पैसे. चाळ शहर भागात आहे आणि १९६९ च्या आधीची आहे, म्हणजे बहुधा उपकरप्राप्त, दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी. तर म्हाडाचं दुरुस्ती मंडळ हे तुमचं पहिलं दार, तुम्ही वर्षानुवर्षं उपकर भरताय तो त्यासाठीच. मंडळाची माणसं दुरुस्ती करतील, पण सवयीने सिमेंटनेच करतील. म्हणून सोबत संवर्धनाचं काम केलेला आर्किटेक्ट हवा आणि त्याचा लेखी अहवाल हवा. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक कामांवरच्या खर्चात, ऐतिहासिक इमारतींची दुरुस्ती कायद्याने बसते, राजाबाई टॉवरचं काम टीसीएसच्या पैशातून झालं. भाऊ दाजी लाड संग्रहालय पालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि वारसा जपणारी इंटॅक ही संस्था यांनी मिळून पुन्हा उभं केलं, आणि २००५ साली युनेस्कोचा पुरस्कारही घेतला. पण ही सार्वजनिक ठिकाणं. राहत्या चाळीला कंपनी पैसे देईल या आशेवर पावसाळा काढू नका.

प्रश्न : ताई, सासऱ्यांच्या कपाटात मोडी कागदांचे दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सापडले. काही कागद घड्यांवर फाटलेत, त्यांना कुणीतरी चिकटपट्टी लावलीय, ती पिवळी पडलीय. दादरला लॅमिनेशन करून मिळतं, करून घेऊ? – एक गृहिणी, माहीम

नको, नको, नको. लॅमिनेशन म्हणजे कागद गरम प्लास्टिकमध्ये वितळवून बसवणं. तो पुन्हा बाहेर काढता येत नाही, आणि कागदातलं आम्ल आतल्या आत त्याला खातच राहतं.

चिकटपट्टीही ओढू नका. वरचं प्लास्टिक सुटेल, पण गोंद कागदाच्या तंतूंत मुरलाय, ओढताना अक्षरांसकट वरचा थर निघतो. तो काढायला द्रावक लागतात, आणि आधी शाई त्यात विरघळते का हे कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर बघावं लागतं. हे काम स्वयंपाकघरातलं नव्हे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

तुमच्या हाती आहे ते असं. टेबलावर स्वच्छ चादर अंथरा, हात धुऊन कोरडे करा, एकेक कागद दोन्ही हातांनी उचला. घडी उलगडत नसेल तर सोडून द्या. मऊ ब्रशने धूळ मधून बाहेर झाडा. खिडकीजवळच्या उजेडात फ्लॅश न लावता दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि कुठला कागद कुठल्या रुमालात, कितव्या क्रमाने होता ते पेन्सिलीने लिहून ठेवा. हा क्रम मोडला की अर्धा अर्थ गेला. मग आम्लरहित कागदाच्या पाकिटात घाला आणि पुन्हा धुतलेल्या सुती रुमालात बांधा. आपल्या दप्तरखान्यांतल्या लोकांना अक्कल होती. कापड हवा खेळू देतं आणि धूळ अडवतं, प्लास्टिकच्या पिशवीत मुंबईच्या जुलैत बुरशी धरते. डांबर गोळ्या नकोत. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर वीतभर पुढे ओढा.

वाचून हवं असेल तर फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख खात्याचं कार्यालय आहे, तिथे मोडीच्या जाणकारांची चौकशी करा. आणि कुणी 'जुने कागद विकत घेतो' म्हणून दारात आलं तर लक्षात ठेवा, १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेलं हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांपुढचं झालं की ते पुरावशेष ठरतं. देशाबाहेर नेता येत नाही.

प्रश्न : २६ जुलै २००५ ला कलिन्याच्या घरात पाणी शिरलं. आईवडिलांच्या लग्नाचा फ्रेममधला फोटो तेव्हापासून काचेला चिकटलाय. सोडवायचा कसा? – कलिना

सोडवायचा नाही. फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असतं. ते भिजून काचेला चिकटलं आणि तसंच सुकलं. चाकू घातलात तर आईचा चेहरा काचेवर राहील. आधी काचेसकट स्कॅन करून घ्या आणि ती प्रत भिंतीवर लावा. मूळ फोटो काच खाली ठेवून आडवा, कोरड्या जागी ठेवा. पुढेमागे जाणकार सापडला तर प्रयत्न करता येईल.

प्रश्न : पणजीची पितळी समई चिंच-मीठ लावून लख्ख करते. चालेल? – परळ

समई रोज देवापुढे पेटवत असाल तर ती पूजेतली वस्तू आहे, करा. कोरीवकाम झिजतंय असं दिसायला लागलं की थांबा, आणि नुसत्या मऊ सुती फडक्याने पुसा.

प्रश्न : मी केमिस्ट्रीत बीएस्सी करतेय. या क्षेत्रात यायचंय. कुठे शिकू, आणि आत्ता फुकट काय वाचू? – विद्यार्थिनी, डोंबिवली

केमिस्ट्री आहे म्हणजे अर्धी लढाई झाली. वस्तूंसाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज, म्हणजे आधीची नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट, इथे कॉन्झर्वेशनचं एमए आहे. लखनौला १९७६ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे, तिच्या प्रशिक्षणांवर लक्ष ठेव. इमारतींकडे जायचं तर आधी आर्किटेक्चर लागतं, मग दिल्लीचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) किंवा अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ.

वाचायला कॅनेडियन कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटच्या नोट्स घे, एकेका वस्तूवर चार-सहा पानं, सोप्या इंग्रजीत, फुकट. रोमच्या इक्रॉम या आंतरराष्ट्रीय संवर्धन संस्थेची आपत्तीतल्या प्रथमोपचारांची पुस्तिकाही तशीच. पण सांभाळून. कॅनडावाल्यांची चिंता हीटरने कोरड्या पडलेल्या हवेची, आपली आषाढातल्या ऐंशी-नव्वद टक्के आर्द्रतेची. तत्त्व घे, आकडे उचलू नकोस. उष्ण-दमट हवेतल्या संग्रहांवर गेटी कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटने मुद्दाम काम केलंय, ते शोध.

आणि सुट्टीत एखाद्या जुन्या बाइंडरकडे जाऊन बस. शिवण बघ, कागदाचे तंतू कुठल्या दिशेने आहेत ते बोटांना कळू दे. घरी खळ शिजवून बघ. गव्हाचं पीठ नको, ग्लुटेन काढलेला स्टार्च लागतो. मंद आचेवर, हात न थांबवता, दाट आणि अर्धपारदर्शक होईपर्यंत. पहिल्या खेपेला गुठळ्या होतील. ती फेक आणि दुसरी लाव.