वडिलांच्या अक्षरातलं भाषण आणि विहिरीवरची मोटर

प्रश्न : माझी मुलगी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सीजीपीए ८.६. शाळेत वक्तृत्वात तालुक्याची, जिल्ह्याची बक्षिसं आणली. भाषणं मी लिहून द्यायचो, ती पाठ करायची. गेल्या महिन्यात कॉलेजच्या सेमिनारला उभी राहिली आणि दुसऱ्या मिनिटाला बंद पडली. आदल्या रात्री जेवली नव्हती, सकाळी उलटी झाली होती. मैत्रिणीकडून व्हिडिओ मागवून मी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, म्हणजे सगळे मिळून तिला समजावतील. आता रविवारी घरी कोणी आलं की तिला दहा मिनिटं बोलायला सांगतो, पण ती खोलीतून बाहेर येत नाही. एरवी चुलत्याला विहिरीवरची मोटर का जळली हे तासभर सांगत बसते, असल्या गोष्टींना तोंड चालतं. विभागप्रमुखांनी पुढच्या महिन्यात पुन्हा संधी दिली आहे. वर्षभरात प्लेसमेंट सुरू होईल. बोलायला शिकवणाऱ्या एका क्लासचा तीन महिन्यांचा कोर्स आहे, फी ३५ हजार. घालू का? की प्लेसमेंटचा नाद सोडून एमपीएससीला बसवू? क्लासचं माहितीपत्रक आणि तिच्या स्लाइड्स सोबत पाठवत आहे.
– एक शिक्षक-पालक, सांगली जिल्हा

सर, नमस्कार.

क्लास आणि एमपीएससीचं नंतर बघू. आधी त्या व्हिडिओचं बोलू. महिना उलटलाय, त्यामुळे सगळ्यांच्या फोनवरून तो आता तुम्हाला काढता येणार नाही. पण ग्रुपवर दोन ओळी लिहिता येतील : हा व्हिडिओ मी मुलीला न विचारता टाकला, ते चुकलं, कृपया डिलीट करा आणि त्यावर तिच्याशी बोलू नका. आणि हे तिलाही तोंडाने सांगा. ग्रुपवर लिहिण्यापेक्षा हे जड जाईल, मला कल्पना आहे.

वर्गात ती बंद पडली तेव्हा समोर चाळीस-पन्नास मुलं होती. त्यातल्या निम्म्यांचं लक्ष स्वतःचा नंबर कधी येतो याकडे असणार. आठवडाभरात ती गोष्ट विसरूनही गेली असती. तुम्ही ती मावशी, आत्या, मामा, त्यांच्या सुना अशा सगळ्यांपर्यंत पोहोचवलीत. आता दिवाळीला कोणाच्याही घरी गेली तरी 'काय गं, आता भीती गेली का?' हा प्रश्न दारातच उभा असेल. आणि वर रविवारची ती हजेरी. पाहुणे सोफ्यावर, हातात पोह्यांची बशी, आणि वीस वर्षांची मुलगी मधोमध उभी. सर, तुम्हाला असं कोणी शाळा तपासणीच्या दिवशी उभं केलं, तर तुम्ही काय कराल? खोलीची कडी लावून बसण्यात मला तिचा शहाणपणाच दिसतो.

एक विचारायचं राहू नये म्हणून विचारते. भीती फक्त सेमिनारपुरती आहे, की हजेरीला 'यस सर' म्हणणं, कॅन्टीनमध्ये चारचौघांत जेवणं, फोन उचलणं हेही ती टाळते? झोप, जेवण महिनाभर बिघडलेलं आहे का? तसं असेल तर हा वक्तृत्वाचा प्रश्न उरत नाही, मानसोपचारतज्ज्ञाला किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भेटायला हवं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत चालतो. फोन तिने करायचा, तुम्ही शेजारी बसायचं नाही.

आता बक्षिसांकडे येते. १ ऑगस्टला टिळक, ३ जानेवारीला सावित्रीबाई. 'आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग' पासून 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते' पर्यंत सगळं वडिलांच्या अक्षरात. हात कुठे वर करायचा, आवाज कुठे चढवायचा तेही ठरलेलं. महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत हे चालतं आणि लहान वयात त्याचा उपयोगही होतो. मंचाची सवय होते, उच्चार सुधारतात. पण त्या मुलीने बोलायचा सराव केला असं समजू नका. तिने म्हणून दाखवायचा सराव केला. पाठ केलेल्या मजकुरात प्रत्येक वाक्याला आधीच्या वाक्याचा आधार असतो, मधलं एक निसटलं की पुढचं सापडत नाही. टिळकांवर बोलताना परीक्षक मध्येच थांबवून 'हे कशावरून म्हणतेस?' असं विचारत नाहीत. सेमिनारमध्ये नेमकं तेच विचारतात. व्हिडिओ तुम्ही पाहिलात, सगळ्या नातेवाइकांना दाखवलात, पण दुसऱ्या मिनिटाला नेमकं काय झालं ते पत्रात कुठेच नाही. सरांनी काही विचारलं? स्लाइड भलतीच आली? माझा अंदाज, असंच काहीतरी झालं आणि पाठ केलेली साखळी तुटली.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. चुलत्याला मोटर का जळली हे ती तासभर सांगते. सर, यालाच तर प्रेझेंटेशन म्हणतात! समोर असा माणूस, ज्याने इंजिनिअरिंगचं पुस्तक उघडलेलं नाही, पण मोटर भरून आणायला ज्याचे पैसे गेलेत. तो मध्येमध्ये अडवणार, 'मग ऑटो स्टार्टर कशाला बसवला होता?' म्हणणार, आणि ती उत्तर देणार. तासभर कोणी उठून जात नाही, म्हणजे ती चांगलं सांगत असणार. प्लेसमेंटच्या टेक्निकल मुलाखतीत बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न 'तुमचा प्रोजेक्ट सांगा' हाच असतो. तिथे विहिरीवरची मुलगी गेली पाहिजे, जिल्हा वक्तृत्ववाली नको.

माहितीपत्रकावर ठळक अक्षरात छापलंय की संवादात शब्दांचा वाटा अवघा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हे आकडे तुम्हाला निम्म्या क्लासच्या भिंतींवर दिसतील. ते आले आहेत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन छोट्या अभ्यासांतून. त्यात कोणी भाषण केलं नव्हतं. सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, आणि बोलणाऱ्याच्या मनात माया आहे की नावड एवढंच ओळखायला सांगितलं होतं. शब्द एक सांगतो आणि चेहरा दुसरंच, तेव्हा लोक चेहऱ्यावर विश्वास ठेवतात, इतकाच त्याचा अर्थ. भावना आणि आवडनिवड यांच्यापलीकडे हे समीकरण लावू नये, असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगून ठेवलंय. शब्दांना ७ टक्केच किंमत असती तर तुमच्या मुलीने चुलत्यांना सिंगल फेजिंग, म्हणजे तीनपैकी एक फेज जाणं, नुसते हातवारे करून समजावलं असतं. या आकड्यांवर उभा असलेला क्लास तीन महिने तिला उभं कसं राहायचं, हात कुठे ठेवायचे, हसायचं कसं हेच शिकवणार. म्हणजे पुन्हा म्हणून दाखवणं, यावेळी इंग्रजीत. ३५ हजार भरू नका.

एमपीएससी तिला स्वतःला करायची असेल तर जरूर करू दे, एम.टेक.च्या प्रवेशाच्या 'गेट' परीक्षेचाही विचार करू दे. पण बोलणं चुकवायला म्हणून नको, राज्यसेवेच्या शेवटी मुलाखत आहेच.

इथून पुढचं उत्तर तिच्यासाठी आहे. तिला द्या आणि नंतर 'वाचलंस का?' असं विचारू नका.

तर, ताई, तुझ्या स्लाइड्स पाहिल्या. दहा मिनिटांसाठी बावीस. पहिल्या आठांत मोटरचा इतिहास, मोटरचे प्रकार आणि फॅरडेचा फोटो. तुझा विषय इंडक्शन मोटरचं संरक्षण, आणि तो येतो नवव्या स्लाइडवर. तोपर्यंत तुझी चार मिनिटं गेलेली असणार आणि समोरचे सगळे सर हे वीस वर्षं शिकवत आलेले. पहिल्या आठही काढून टाक.

काकांना तू कुठून सुरुवात केली होतीस ते आठव. रात्री लाईट आली, ऑटो स्टार्टरने मोटर उचलायला घेतली, पण तीनपैकी एक फेज नव्हती. मोटर फिरलीच नाही, जागच्या जागी घूं करत राहिली आणि वाइंडिंग जळलं. किंवा मोटर चालू असताना एक फेज गेली. ती बंद पडली नाही, तेवढंच पाणी ओढत राहिली, पण उरलेल्या दोन फेजांतून पावणेदोन पटीच्या आसपास करंट खेचत. सेमिनारची सुरुवात हीच. 'एक फेज गेली तर चालू मोटर बंद का पडत नाही, आणि मग जळते का?' एवढा एक प्रश्न पहिल्या मिनिटात टाक आणि उरलेल्या नऊ मिनिटांत त्याचं उत्तर दे. करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले याला पुरेसा का पडत नाही, एक फेज गेली की मोटर वाचवणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर काय ओळखतो, किती वेळात मोटर बंद करतो. या उत्तरात जे बसत नाही ते कितीही कष्टाने जमवलेलं असलं तरी नको. सहा-सात स्लाइड्स उरतील आणि तेवढ्या पुष्कळ झाल्या.

स्लाइडच्या डोक्यावर 'इंट्रोडक्शन', 'वर्किंग', 'ॲडव्हान्टेजेस' असली नावं ठेवू नकोस. तिथे पूर्ण वाक्य लिही : 'एक फेज गेली की उरलेल्या दोन फेजांतला करंट वाढतो.' खाली फक्त आलेख किंवा आकृती. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचे मायकल ॲली इंजिनिअरिंगच्या मुलांना वर्षानुवर्षं हेच शिकवत आलेत : वर दावा, खाली पुरावा. तुला याचा वेगळाच फायदा. बोलता बोलता डोकं रिकामं झालं तर मागे वळून ते वाक्य वाचायचं, धागा हातात येतो. बुलेटच्या आठ ओळींत तो सापडत नाही.

पाठ करायची फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक. त्यांना मात्र घोटून घोटून पक्कं कर, कारण पहिल्या मिनिटात छाती सगळ्यात जास्त धडधडते आणि तेव्हा विचार करायला लागू नये. मधल्या भागासाठी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच-सहा शब्द. रोज त्याच शब्दांवरून बोल आणि रोज वाक्यं वेगळी येऊ दे. आज एक उदाहरण आधी आलं, उद्या नंतर आलं, चालेल. हे अस्ताव्यस्त वाटेल, तुला बाबांच्या कागदाची सवय आहे. पण कोणी मध्येच अडवलं तरी या पद्धतीत तू हरवत नाहीस.

सराव उभं राहून, मोठ्याने आणि घड्याळ लावून. मनातल्या मनात पुटपुटलेलं सहा मिनिटांत संपतं आणि प्रत्यक्षात अकरा लागतात, नेहमीच. पहिल्या दोन-तीन वेळा मराठीत बोल, काकांना सांगते आहेस असं समजून. मग इंग्रजीत. 'फेज', 'रिले', 'ट्रिप' हे शब्द दोन्हीकडे तेच आहेत; बाकीची वाक्यं छोटी ठेव. इंग्रजी वाक्य मध्येच अडकलं तर मराठीत पूर्ण कर आणि पुढे जा. त्याने गुण गेलेच तर एखादा जाईल, गप्प बसल्याने सगळे गेले होते.

भीतीबद्दल एवढंच. ती आत जितकी मोठी असते तितकी बाहेर दिसत नाही. सवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली हे तपासलं होतं : बोलणाऱ्याला वाटतं आपली घबराट सगळ्यांना दिसतेय, ऐकणाऱ्यांना मात्र ती त्यापेक्षा बरीच कमी जाणवते. गंमत म्हणजे ज्यांना ही गोष्ट आधी सांगितली, ते बोललेही जास्त चांगलं. म्हणून 'सॉरी, आय ॲम नर्व्हस' असं कबूल करून सुरुवात करू नकोस. ज्याला दिसलं नव्हतं त्यालाही तू दाखवून देतेस. घसा कोरडा पडतो, पाण्याची बाटली टेबलावर ठेव. हात थरथरत असतील तर लेझर पॉइंटर घेऊ नकोस, तो लाल ठिपका भिंतभर नाचतो. पडद्याजवळ जाऊन बोटाने दाखव.

ऐकायला दोघी मैत्रिणी बसव. बाबांना नको, निदान यावेळी नको. आणि मैत्रिणींना 'कसं झालं?' विचारू नकोस, त्या 'मस्त' म्हणतील. 'कुठे कळलं नाही?' असं विचार. चौघांत नियमित बोलायची हौस पुढे वाटली तर टोस्टमास्टर्सचे, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्यांचे, क्लब आहेत, ऑनलाइनही भरतात. सदस्यत्वाचा खर्च त्या क्लासच्या फीपेक्षा बराच कमी. तिथे पाहुणी म्हणून एक सभा फुकट बघून ये. नेहमीच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल दिवा दाखवतात, आणि एक जण तुझे 'अं...', 'म्हणजे...' मोजत बसलेला असतो. चिडायला होतं, पण उपयोग होतो. विद्यापीठाच्या 'आविष्कार' या संशोधन स्पर्धेत पोस्टर लावून उभं राहणंही तुला जमेल असं मला वाटतं, कारण तिथे माणसं एकेक करून समोर येतात आणि प्रश्न विचारतात, काकांसारखीच.

राहिले प्रश्न. सरांनी विचारलं की लगेच तोंड उघडू नकोस. प्रश्न तुझ्या शब्दांत एकदा परत म्हण : 'म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त झालं तर हा प्रिव्हेंटर उगाच ट्रिप होईल का, असं विचारताय ना सर?' तेवढ्यात तुला पाच सेकंद मिळतात, आणि प्रश्न चुकीचा ऐकला असेल तर तोही तिथेच कळतो. हा प्रश्न येईलच, त्याची तयारी करून जा. असे आणखी चार तुझे तूच काढ, एखादा काकांकडून घे. आणि जे येत नसेल त्याला 'हे मी पाहिलेलं नाही, बघून सांगते' एवढंच म्हण. मग प्रश्न त्याच कागदाच्या मागे लिहून घे, आणि दोन दिवसांत सरांच्या केबिनमध्ये जाऊन उत्तर सांगून ये.