पीएचमुळे शेततळ्यातल्या माशांचं रक्त खराब होतं का? पीएच किती ठेवावा?

साडेसात ते साडेआठ ठेवा, विषय संपला. पण नुसत्या पीएचवरून पाणी जोखणाऱ्यांनी आमच्या घरात एवढी भांडणं लावलीत, की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सांगोल्याकडे डाळिंबासाठी आमचं शेततळं आहे, कागद अंथरलेलं. त्यात रोहू-कटला. चुलते खाद्य सढळ हातानं टाकणार, वर कोंबडीखत. एका उन्हाळ्यात भरदुपारी, पाण्यात हवा मिसळणारा एरेटर चालू असताना मासे वर येऊन तोंड मारायला लागले. चुलते म्हणाले, "पट्टीवर पीएच बरोबर हाय, पाण्याला काय धाड भरलीय?" खाद्यवाल्यानं अँटिबायोटिक गळ्यात मारलं. मी धापा टाकणारा एक रोहू जाळीत घेतला, झाकण उचलून कल्ला कापला. लालभडक हवा तो काळपट तपकिरी, आणि फरशीवर ओघळलेलं रक्त पातळ चॉकलेटसारखं.

हे नायट्राइटचं काम. उरलेल्या खाद्याचा, विष्ठेचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. पुढं नायट्रेट करणारे जिवाणू मागं पडले की ते साचतं. कल्ल्यांतून रक्तात शिरून ते हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करतं, आणि त्याला ऑक्सिजन धरताच येत नाही. मग एरेटर कितीही फिरवा. अँटिबायोटिकचा तर इथं काडीचा उपयोग नाही.

खाद्य बंद, थोडं पाणी बदला आणि खडे मीठ टाका. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांत त्याच वाटेनं शिरतं, त्यामुळे नायट्राइटला जागा मिळत नाही. नायट्राइट-नायट्रोजनच्या, म्हणजे नायट्राइटमधल्या नायट्रोजनच्या, दहापट क्लोराइड धरा: पाणी तपासायच्या किटवर ते लिटरला १ मिलिग्रॅम आलं, तर १० लाख लिटरला साधारण १७ किलो मीठ. आम्ही टाकलं, मर थांबली. चुलते आजही म्हणतात, वळीव झाला म्हणून मासे वाचले. झाला होता वळीव, नाही म्हणत नाही. पण मासे वर आले तेव्हाही पट्टी बरोबरच होती की!

हां, कल्ले लाल असतील आणि मासे फक्त पहाटे वर येत असतील, तर ती ऑक्सिजनची टंचाई. तिथं मीठ नको, एरेटर लावा. बोअरचं पाणी खारं असेल तर आधी क्लोराइड मोजा, तेवढं मीठ कमी लागेल. अमोनियाच्या बाबतीत मात्र पीएचला किंमत आहे. शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढतं, पीएच चढतो, आणि आपल्याकडच्या तापलेल्या पाण्यात तोच अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणून पट्टी दुपारी चार-पाचला बुडवा. आमचे चुलते सकाळी सातला बुडवतात.