जुनी कन्व्हर्टिबल घेताना जाहिरातीतल्या कोणत्या फीचर्सकडे बघावं?

तुम्ही उतरवून दिलेली जाहिरात अशी: २००४ ची बीएमडब्ल्यू झेड-४, अडीच लिटरचं इंजिन, बटणावर 'फक्त दहा सेकंदांत' उघडणारं कापडी छत, गरम होणाऱ्या लेदरच्या सीट, विंड डिफ्लेक्टर (सीटमागून येणारा वारा अडवणारा पडदा), नवे टायर. शिवाय तुमची शंका, की कापडापेक्षा घडीचा हार्डटॉप, म्हणजे घडी होणारं पत्र्याचं छत, असलेली गाडी बघावी का.

सीटचं नंतर बघू. दहा सेकंद की पंधरा, याला काडीची किंमत नाही. कन्व्हर्टिबलला पहिला प्रश्न एकच विचारायचा: छतावर पडलेलं पाणी जातं कुठे? कापडी छत मागे ज्या खोलगट जागेत मिटतं तिथे पाणी उतरणारच, हे डिझाइनमध्येच धरलेलं असतं. तिथून ते नळीवाटे गाडीखाली निघून जायला हवं. धूळ, पालापाचोळा, कापडाचे तंतू यांचा गाळ नळीच्या तोंडाशी बसला की निचरा थांबतो.

आता या मॉडेलची खोड. ई-८५ म्हणजे २००२ ते २००८ ची झेड-४. हिच्यात छताच्या हायड्रॉलिक पंपाची मोटर नेमकी डाव्या खळग्याच्या तळाशी, फोमच्या वेष्टनात बसवली आहे. ही जागा निवडणाऱ्याला कोपरापासून नमस्कार. नळी तुंबली की खळगा भरतो, फोम पाणी धरून ठेवतो, मोटर गंजते आणि एक दिवस जाम होते. बटण दाबल्यावर नुसता रिलेचा, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचा, 'टक्' आवाज येतो. कंपनीच्या पद्धतीने मोटर बदलायची तर अख्खं छत उतरवावं लागतं. म्हणून जाणकार लोक मोटर बाहेर काढून, वायरी लांबवून ती डिकीत बसवतात. हे काम झालेलं असेल तर जाहिरातीत ठळक अक्षरांत छापण्याजोगं फीचर ते, आणि नेमकं तेच कोणी लिहीत नाही.

गाडी बघायला जाताना बाटलीभर पाणी आणि टिश्यू पेपर न्या. इंजिन चालू ठेवून छत दोनदा पूर्ण उघडा-मिटा. इंजिन बंद असताना बॅटरीचा व्होल्टेज पडला तर चांगलं छतही अडखळतं आणि विक्रेत्याला सबब मिळते. दोन्ही बाजू एकसारख्या उचलल्या जातात का ते मागून उभं राहून बघा. एक बाजू मागे रेंगाळत असेल तर छत उचलणारा सिलिंडर किंवा सांधा गेलाय. मग छत अर्ध्यावर थांबवून दोन्ही खळग्यांत थोडं थोडं पाणी ओता आणि गाडीखाली वाका. मागच्या चाकाजवळ लगेच धार लागली पाहिजे. थेंब थेंब आलं तर नळी तुंबत आलीय, काहीच आलं नाही तर पाणी कुठे साठतंय ते ओळखा. अर्धवट उभ्या छताखाली हात घालून बसू नका, प्रेशर उतरलं की ते खाली येतं.

नंतर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. एरवी रिळात गुंडाळून राहणाऱ्या भागावर मातकट रेघ किंवा बुरशीचे काळे ठिपके दिसले, तर त्या कोपऱ्यात पाणी साचलेलं होतं, विक्रेता काहीही म्हणो. सीटमागचा गालिचा वरून कोरडा लागतो, पण त्याच्याखालचा फोम ओल धरून असतो. टिश्यू दाबून धरा. सीटच्या रुळाचे बोल्ट तांबडे झाले असतील तर ती ओल जुनी आहे.

तुंबलेली नळी साफ करायला गवत कापायच्या ट्रिमरची नायलॉनची दोरी पुरते. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. दाबाने नळी आतल्या आत सुटते आणि पुढे प्रत्येक पाऊस थेट पत्र्याच्या पोकळीत जिरतो. आणि गळतीवर सिलिकॉन सीलंट थापणारा मेकॅनिक दिसला तर गाडी काढा आणि चालू पडा! पाण्याची वाट बुजवून पाणी थांबत नाही, ते दुसरीकडून आत येतं. रबरांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, तोही घाण पुसून घेतल्यावर, एवढंच लागतं.

'हार्डटॉप घ्या, गळणार नाही' हा सल्ला गेली कित्येक वर्षं ऐकतोय, आणि तो चूक आहे. घडीच्या हार्डटॉपला तुकड्यातुकड्यांमधले सांधे आणि रबरं जास्त, सेन्सर जास्त. एक सेन्सर रुसला की सगळं अर्ध्यात उभं राहतं. डिकीच्या बिजागरीपाशी वाकून वाकून तुटणाऱ्या वायरी वेगळ्याच. बीएमडब्ल्यूने २००९ च्या ई-८९ झेड-४ ला हार्डटॉप दिला आणि २०१८ च्या जी-२९ ला पुन्हा कापड आणलं. मर्सिडीजची एसएल २००१ पासून हार्डटॉप होती, २०२१ मध्ये तीही कापडावर परतली. ज्यांनी बनवले त्यांनीच सोडले. माझं विचाराल तर सर्वांत उत्तम छत बिनमोटरचं: माझदा एमएक्स-५ चं साधं कापडी छत, बसल्या जागेवरून एका हाताने मागे टाकायचं.

राहिली तुमची यादी. विंड डिफ्लेक्टर मूळ असेल तर कामाचा, गार हवेत गरम सीटही. नवे टायर रन-फ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे, आहेत का बघा. या गाडीला स्टेपनी नसते, साधे टायर घातले असतील तर पंक्चर किट हवं. उन्हाच्या दिवशी हायवेवर अर्धा तास सरळ चालवा. स्टिअरिंग मधोमध किंचित चिकटल्यासारखं वाटलं तर तो या मॉडेलचा ओळखीचा दोष आहे, आणि स्वस्तात सुटत नाही. कूलंटची प्लास्टिकची टाकी आणि वॉटर पंप कधी बदलले, तेही विचारा.

आणि हो, गाडी बारा महिने रस्त्यावर उघड्यावर राहणार असेल तर हार्डटॉपवर मी एवढी आगपाखड करणार नाही. कापड ब्लेडने फाडता येतं, पत्रा नाही.