स्टॉलचा आकडा शेवटी विचारा

प्रश्न : मागच्या हिवाळ्यात 2002 ची कॅमरो एसएस घेतली. चार गिअरची ऑटोमॅटिक. आधीच्या मालकाने 224/228 चा कॅम (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) बसवलाय, गिअरबॉक्स आणि त्याला इंजिनाशी तेलाने जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर मात्र कंपनीचेच. सिग्नलला 'डी'मध्ये उभं राहिलं की इंजिन अडखळतं, ब्रेक कचकचून दाबून धरावा लागतो. आणि सिग्नल सुटला की गाडी झोपेतून उठल्यासारखी निघते. मिलन गावच्या ड्रॅग पट्टीवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या जागी) ओळख झालेला एक जण म्हणतो, 4,000 च्या स्टॉलचा कन्व्हर्टर टाक आणि विसरून जा. बायको म्हणते, 4,000 आरपीएमला हलणारी गाडी मी दूध आणायला नेणार नाही. मागचा गिअर (मागच्या अॅक्सलचा) 3.23 चा, टायर 275/40, 17 इंची. वर्षातून दोन-तीनदा पट्टी, एरवी उन्हाळाभर ऑफिस. कोणता कन्व्हर्टर घेऊ?
— एक वाचक, नोव्हाय, मिशिगन

उत्तर : मागचा गिअर आणि टायरचं माप मी न विचारता कळवलंत, अर्धं काम तिथेच झालं. बहुतेक पत्रं 'किती स्टॉल टाकू?' एवढ्यावर संपतात. शिंप्याकडे जाऊन नुसतं 'शर्ट शिवा' म्हणण्यासारखं आहे ते.

आधी दुखणं कुठे आहे ते बघू. तुमचा मूळ कन्व्हर्टर जवळपास 12 इंची आहे आणि घट्ट पकडीचा. मूळ कॅमला तो शोभत होता, कारण ते इंजिन खालच्या आरपीएमलाही दमदार होतं. 224 चा कॅम खाली अशक्त असतो, त्याची ताकद वर गेली. इंजिन खाली हडकुळं आणि कन्व्हर्टर मात्र तिथेच घट्ट मिठी मारून बसलेला. सिग्नलला अडखळतं ते म्हणून. तुमच्या कॅममध्ये खोट नाही, जोडी जुळलेली नाही.

कन्व्हर्टर समजवताना सगळे समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांचं उदाहरण देतात. मला ते पटत नाही, कारण त्यात स्टेटर राहून जातो. इंजिनाबरोबर फिरणारा इम्पेलर तेल फेकतो, त्या तेलाने टर्बाइन फिरते आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवते, इथपर्यंत पंखे ठीक. पण टर्बाइनमधून परतणारं तेल उलट्या दिशेने येतं. मधला स्टेटर त्याला वळवून इम्पेलरच्या बाजूने आणतो, आणि तिथे टॉर्क वाढतो. गाडी उभी असताना साधारण दुप्पट. स्टेटर नसेल तर ती नुसती फ्लुइड कपलिंग, टॉर्क जितका आत तितकाच बाहेर.

आता वहिनींची शंका. 4,000 चा कन्व्हर्टर म्हणजे 4,000 होईपर्यंत गाडी हलणार नाही, हा समज मी पंचवीस वर्षं खोडतोय. स्टॉल म्हणजे टर्बाइन अडवून धरली आणि इंजिनने पूर्ण जोर लावला, तर ते जास्तीत जास्त किती आरपीएमपर्यंत चढेल तो आकडा. दूध आणायला निघताना पाय पेडलवर जेमतेम टेकतो, त्यामुळे गाडी त्याच्या कितीतरी आधी चालायला लागते. फक्त थोडी सैल लागेल, चढावर आरपीएम जरा वर राहतील. वहिनींना आठवड्यात सवय होईल. पण 4,000 ला मीही नाहीच म्हणतो, आणि त्याचं कारण वेगळं आहे.

हिशोब करा. तुमच्या गिअरबॉक्सचे गिअर 3.06, 1.63, 1 आणि 0.70. पट्टीवर 6,200 ला पहिल्यावरून दुसरा पडला की आरपीएम 3,300 वर येतात. दुसऱ्यावरून तिसरा, तर 3,800 वर. म्हणजे एकदा गाडी सुटली की तुमचं इंजिन 3,300 च्या खाली येतच नाही. कन्व्हर्टरने साधारण तेवढ्यावर धरून ठेवावं, म्हणजे निघतानाही ताकदीच्या जागी निघाल आणि गिअर बदलल्यावरही तिथेच राहाल. त्याहून वरचं स्टॉल घेतलंत तर पट्टीवर किंचित मिळेल, पण उरलेला उन्हाळा गरम तेलाची किंमत मोजाल. माझं मत 3,200 ते 3,400, साडेनऊ ते दहा इंची, लॉकअप (वेग आल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) असलेला.

जाहिरातीतला आकडा मात्र जसाच्या तसा धरू नका. स्टॉल हा कन्व्हर्टरचा एकट्याचा गुण नाही, त्याच्यामागे कोणतं इंजिन आहे त्यावर तो हलतो. टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. 350 पाउंड-फूट टॉर्कवर 3,600 दाखवणारा कन्व्हर्टर 280 वर 3,200 च दाखवेल. म्हणून कन्व्हर्टर बांधणाऱ्याला फोन करून सगळं सांगा : कॅम, गाडीचं वजन (तुमची साधारण 3,500 पाउंड), मागचा गिअर, टायर, पट्टीवर किती आणि रस्त्यावर किती. एवढं न विचारता जो 'हा घ्या' म्हणेल, त्याचा फोन ठेवून द्या.

टॉर्क किती पट वाढवायचा हेही तो विचारेल. दोनच्या आसपास थांबा. मोठा आकडा ऐकायला छान वाटतो, पण 275 च्या रस्त्यावरच्या टायरला पहिल्या गिअरमध्ये आधीच झेपेनासं होईल. धूर काढायला गेलात तर पट्टीवरची वेळ जाते.

लॉकअपवर मी अडून बसणार. चौथ्यात 70 मैलांच्या वेगाला लॉक झालेल्या कन्व्हर्टरवर तुमचं इंजिन सुमारे 2,070 आरपीएमला असेल. लॉक नसेल तर त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं आणि फरकाची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. तेव्हा बिनलॉकअपचा स्वस्त कन्व्हर्टर रस्त्यावरच्या गाडीत नको. आणि गाडीचा संगणक ट्यून करणाऱ्याला बजावून सांगा, 55 मैलांच्या आत चौथ्यात लॉक करू नकोस. 45 वर लॉक झाला तर इंजिन 1,330 वर येतं, आणि तुमचा कॅम तिथे असे हिसके देईल की बाजूला बसलेल्याचं डोकं डोलेल. कन्व्हर्टर बदलून ट्यून न करणं म्हणजे नवा चष्मा जुन्या नंबरचा.

गिअरबॉक्सच्या तेलाला कुलर वेगळा लावा. रेडिएटरमधला काढू नका, त्याच्या पुढे जोडा, म्हणजे आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या थंडीत तेल लवकर तापेलही. तापमान 180 ते 200 फॅरनहाइटमध्ये राहिलं तर निवांत. 250 दिसायला लागलं की तेलाला करपलेला वास येईलच. पट्टीपेक्षा मला ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझला (हौशी गाड्यांच्या मिरवणुकीला) मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या गाड्यांची जास्त काळजी वाटते. वारा लागत नाही, कन्व्हर्टर घसरत राहतो. तिथे जाणार असाल तर पंखा असलेला कुलर घ्या आणि तापमानाचा काटा लावा.

बसवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण यात माझं नाक कापलं गेलंय. 1996 साली, शुक्रवारी संध्याकाळी, तुमच्याच जातीचा गिअरबॉक्स चढवत होतो. तो इंजिनाला शेवटचा अर्धा इंच टेकेना. घरी जायची घाई, मी बोल्ट आवळून ओढून घेतला. गाडी सुरू केली तर कण्हल्यासारखा आवाज आणि एकही गिअर लागेना. कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसलाच नव्हता, मी बोल्टच्या जोराने पंपाचा रोटर फोडला होता. शनिवार-रविवार तो सगळा पुन्हा उतरवण्यात गेला, फुकट.

म्हणून आधी कन्व्हर्टरमध्ये साधारण लिटरभर तेल ओता, मग शाफ्टवर ठेवून आत रेटत हलके फिरवत राहा. तो टप्प्याटप्प्याने आत जातो, तीनदा 'टक' असं हाताला कळतं : टर्बाइनचे दाते, स्टेटरचे दाते, शेवटी पंप. तिसरा टक लागल्याशिवाय बोल्टला हात लावायचा नाही. गिअरबॉक्स इंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत (कन्व्हर्टर जिला जोडतात त्या इंजिनाच्या चकतीपर्यंत) तीन ते पाच मिलिमीटर फट दिसली पाहिजे. फटच नसेल तर काम थांबवून गिअरबॉक्स उतरवा, मग कितीही वाजले असोत.

प्रश्न : माझी 2016 ची पोलो जीटी टीएसआय आहे. अमेरिकेतला चुलत भाऊ त्याच्या गाडीत हाय स्टॉल कन्व्हर्टर टाकतोय. माझ्या गाडीला कोणता बसेल? ट्रॅफिकमध्ये ती पहिल्या-दुसऱ्यात गचके देते, तेही जाईल का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : कोणताच नाही. चाकणहून निघालेल्या तुमच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर नाहीच. सात गिअरची डीएसजी आहे, आत दोन कोरडे क्लच आणि ते चालवणारा मेंदू. 2020 नंतरच्या एक लिटर पोलो ऑटोमॅटिकमध्ये सहा गिअरचा कन्व्हर्टरवाला बॉक्स आला, पण तो तुमच्या गाडीत घालायचा विचार सोडा. गचके येतात ते क्लच अर्धा धरत-सोडत राहतो म्हणून. कर्वे रोडला पुढची गाडी दोन फूट सरकली की आपणही दोन फूट सरकायची सवय मोडा. गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदाच ब्रेक सोडून नीट पुढे या. महिनाभराने गचके तसेच राहिले, तर डीएसजीची सवय असलेल्या गॅरेजकडून क्लचचं अॅडाप्टेशन (क्लच कुठे पकडतो ते मेंदूला शिकवणं) नव्याने करून घ्या आणि क्लच किती झिजलाय तेही तपासायला सांगा.