गिरगावात इतक्या वाड्या कशा?

प्रश्न असा आहे: ‘वाडी म्हणजे लहान खेडं, असंच आम्ही देशावर ऐकत आलो. मग गिरगावच्या भरवस्तीत फणसवाडी, कांदेवाडी, खोताची वाडी ही नावं कुठून आली? मुंबई पूर्वी सगळी खेडीच होती, म्हणून का?’

मुंबईत खेडी होती हे खरंच. पण ती आपलं ‘गाव’पण नावात राखून आहेत: गिरगाव, माझगाव, नायगाव. गिरगावातल्या वाड्यांचा उगम वेगळा आहे. या वाड्या म्हणजे मुळात बागा.

संस्कृतात ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यावरून ‘वाटिका’, प्राकृतात ‘वाडिआ’ आणि मराठीत ‘वाडी’. कुंपणाच्या आत झाडं लावली तर ती बाग झाली, घरं बांधली तर वस्ती. मराठीने दोन्ही अर्थ ठेवले; फक्त प्रदेशाप्रदेशात एक वर आला आणि दुसरा मागे राहिला. देशावर ‘वाड्या-वस्त्या’ हा जोडशब्द इतका रुळला आहे की बागेचा अर्थ तिथे जवळजवळ विसरला गेला. किनाऱ्यावर मात्र तो आजही रोजच्या बोलण्यात आहे. अलिबाग, रेवदंडा, श्रीवर्धन या बाजूला कुणी ‘आमची वाडी आहे’ म्हणालं, तर ते घरामागच्या नारळ-सुपारीच्या बागायतीबद्दल बोलत असतं. वाडीत विहीर असते, ‘वाडीला शिंपणं’ हे रोजचं काम असतं, आणि वाडीची मोजणी घरांवर नाही, माडांवर होते. वसईकडच्या वाडवळ समाजाचं नावही याच ‘वाडी’शी जोडलं जातं. (कोकणातल्या गावांत तेलीवाडी, सुतारवाडी अशा वस्तीच्या वाड्याही आहेतच. एकच माणूस दोन्ही अर्थ वापरतो आणि त्याचा कधी घोटाळा होत नाही.)

मुंबई बेट याच किनाऱ्याचा तुकडा. शहर वाढण्याआधी इथे माड-ताडांची दाट राई होती आणि भंडारी त्यावरून माडी-ताडी काढत. 1534मध्ये हे बेट पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलं. त्यांच्या भाषेत बागेला ‘होर्ता’ म्हणत. पुढे इंग्रजांनी तोच शब्द मोडून ‘ओर्ट’ केला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या नारळाच्या बागांसाठी वापरला. हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो, कारण आपण ज्याला वाडी म्हणत होतो त्याला परके लोकही बागच म्हणत होते.

आता नावं पाहा. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, भुलेश्वरची फोफळवाडी, माझगावची ताडवाडी. ‘फोफळ’ म्हणजे पोफळ, सुपारीचं झाड. ‘आंबेवाडी’तला ‘आंबे’ हा कांदेपोह्यांतल्या ‘कांदे’सारखा समासात आलेला आहे. मात्र प्रत्येक नाव झाडाचंच, असं समजू नका. उरणकर वाडी, झावबाची वाडी यांत मालकाचं किंवा घराण्याचं नाव आहे. म्हणून कुठल्याही वाडीच्या तोंडाशी उभं राहिलं की दोन प्रश्न विचारावेत: काय पिकत होतं, किंवा कोणाची होती? बहुतेक नावं दोहोंपैकी एका प्रश्नाला उत्तर देतात.

गिरगावात ‘मुगभाट’ आणि ‘बोरभाट’ हीही नावं आहेत. कोकणीत ‘भाट’ म्हणजे माडांची बाग, आणि तिचा मालक तो ‘भाटकार’. मुगभाटातला ‘भाट’ याच कुळातला, असं माझं मत आहे. वाडी आणि भाट शेजारीशेजारी नांदताना बघून मुंबईची मराठी किती किनाऱ्याची आहे हे कळतं.

मग बागेची वस्ती झाली कशी? एकोणिसाव्या शतकात बंदर वाढलं, 1853मध्ये रेल्वे आली, पाठोपाठ गिरण्या आल्या आणि राहायला जागा हवी झाली. मालकांनी माड तोडून त्याच कुंपणाच्या आत चाळी बांधल्या. इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा: चाळ ही इमारत, वाडी ही जमीन. एका वाडीत चार चाळी, एक देऊळ आणि एक विहीर असू शकते. जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरून आत वळलात तर हे डोळ्यांना दिसतं. तोंडाशी जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट, आत गेल्यावर समोरासमोर गॅलऱ्या आणि मधे मोकळी जागा. बागेची हद्द गेली नाही, फक्त आतलं पीक बदललं.

खोताची वाडी तर सावकाश पाहण्यासारखी आहे. दादोबा वामन खोत यांची ही जमीन. त्यांच्याकडून ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या स्थानिक) ख्रिस्ती कुटुंबांनी जागा घेऊन घरं बांधली. लाकडी गॅलरी, बाहेरच्या बाजूने वर चढणारा जिना, उतरती कौलं. अशी घरं आता थोडीच उरली आहेत आणि त्यांच्या शेजारी उंच इमारती येत आहेत. जी उरली आहेत ती राहत्या माणसांची घरं आहेत, तेव्हा फोटो काढण्याआधी विचारावं.

‘वाडी’ला मुंबईत आणखी एक अर्थ मिळाला, तो गुजराती शेजारामुळे. गुजरातीतही वाडी म्हणजे बाग, शिवाय जातीच्या जेवणावळी आणि लग्नं होतात ती जागा. ‘महाजनवाडी’तली वाडी ही.

आणि ‘वाडा’? वाडा-वाडी ही जोडी गाडा-गाडीसारखी, मोठं-लहान अशी. पण पुणेकर वाडा म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे चौक असलेलं एका घराण्याचं मोठं घर येतं. मुंबईत वाडा म्हणजे एका व्यवसायाची किंवा जमातीची वस्ती: कोळीवाडा, कुंभारवाडा, भोईवाडा.

आता लिहिण्याबद्दल. इंग्रजी पाट्यांमुळे ‘खोताचीवाडी’ असं एकत्र लिहायची आणि मग ‘खोताचीवाडीमध्ये’ म्हणायची सवय पसरते आहे. तसं करू नये. ‘खोताची’ ही जिवंत षष्ठी आहे, नरसोबाच्या वाडीत आहे तशीच. आपण ‘नरसोबाच्या वाडीला’ जातो, ‘नरसोबाचीवाडीला’ नाही. त्याच नियमाने खोताच्या वाडीत, खोताच्या वाडीतून, खोताच्या वाडीकडे. फणसवाडी, कांदेवाडी हे समास आहेत, ते एकत्रच लिहावेत.